हिमनदीवरची बर्फचढाई: सहलीआधीच्या पाहणीच्या नोंदी

सहल १६ फेब्रुवारीला, एका दिवसाची. पाहुणे ६, गाइड २. चढाई फक्त टॉप रोपवर: दोर आधीच वरच्या अँकरमधून (बर्फात पक्क्या केलेल्या आधारातून) घेतलेला असेल, पाहुण्यांपैकी कोणीही बर्फात स्क्रू लावत पुढे चढणार नाही.

शब्दांचं आधीच ठरवून टाकू. बोलताना आपण दोन्हीला ‘बर्फ’च म्हणतो. या नोंदींत मात्र ‘हिम’ म्हणजे वरून पडलेला, पाय रुतेल असा थर आणि ‘बर्फ’ म्हणजे त्याखालचा टणक भाग. हा घोळ वायरलेसवर झाला तर माणूस चुकीच्या जागी पाय टाकतो.

२ फेब्रुवारी: पहिली फेरी

हवा −४, आकाश मोकळं, वारा नगण्य. हिमनदीच्या मुखाजवळचा खालचा भाग वाऱ्याने झाडून काढलेला, उघडा बर्फ. साधारण १५० मीटर वर गेल्यावर हिमाचा थर सुरू होतो, २० ते ४० सें.मी. उघड्या बर्फावर क्रेव्हास (हिमनदीतल्या खोल भेगा) डोळ्यांना दिसतात. हिम सुरू झालं की त्या झाकल्या जातात आणि खरं काम तिथून पुढे आहे.

तीन जागा पाहिल्या:

भिंत १. उंची १४ मी., दक्षिणमुखी, उतार ८० अंशांच्या आसपास. वाटेला सगळ्यात जवळ, पायथा सपाट, फोटोंना उत्तम. ऊन ११:२० ला येतं.

भिंत २. उंची ११ मी., उत्तरमुखी, एका जुन्या रुंद क्रेव्हासच्या बाजूची. उतार ७०–७५, वरचे दोन मीटर जवळजवळ उभे. माथ्यावर वळसा घालून चालत जाता येतं. ऊन नाही, पायथ्याला हिम साठलेलं.

विवर. उन्हाळ्यात वितळपाणी खाली नेणारी उभी विहीर. दिसणारी खोली ९ मी., तळाशी गोठलेलं झाकण.

पहिली पसंती भिंत १, दुसरी भिंत २. विवर फक्त दाखवण्यापुरतं.

रद्द करण्याचे निकष आजच लिहून ठेवले. आदल्या रात्री ठरवायला बसलं की आकडे सोयीप्रमाणे वाकतात.
- वाटेवर लोंबणाऱ्या उतारांसाठी हिमप्रपाताचा धोका पाचपैकी ३ किंवा जास्त, आणि त्या उतारांना टाळणारी वाट नसेल.
- भिंतीपाशी वाऱ्याचे झोत ५० किमी/तास.
- भिंतीपाशी हवा −१८ पेक्षा थंड. नवख्या माणसाची बोटं थांबण्याच्या वेळात बधिर होतात, आणि बर्फही ठिसूळ असतो.
- आधीच्या २४ तासांत १० मि.मी.हून जास्त पाऊस.
- पायथ्याशी न तपासलेला हिमपूल (भेगेवरचं हिमाचं झाकण).

५ फेब्रुवारी: सामान

क्रॅम्पॉन (बुटाखाली बसवायचे धातूचे दात) ८ जोड्या + १ जास्तीची. प्रत्येक जोडी ज्या बुटावर जाणार त्याच बुटावर बसवून पाहिली. पट्टा न बांधता बूट उलटा धरून हलवला तरी क्रॅम्पॉन पडता कामा नये. दोन जोड्या पडल्या. मधली पट्टी एक भोक लांब होती, ती आखूड केली. तळाच्या हिमरोधक रबरी पट्ट्या सगळ्यांना आहेत, पैकी एक फाटलेली होती ती बदलली. ही पट्टी नसेल तर ओलसर हिमाचा गोळा टाचेखाली जमतो, दात जमिनीला लागतच नाहीत आणि सपाटीवर माणूस घसरतो.

एक जोडी बाद: बूट मऊ तळव्याचा. पुढच्या दातांवर उभं राहिलं की बूट वाकतो आणि मागचा खटका निसटतो. पाहुण्याला ताठ तळव्याचा बूट द्यायचा.

आइस स्क्रू १४: १३ सें.मी.चे ४, १६ चे ४, १९ चे ३, २२ चे ३. दात नखावर घासून पाहिले. तीन बोथट निघाले, धारेला पाठवले. बोथट स्क्रू आत जातो, पण आजूबाजूचा बर्फ फोडत जातो. नळीच्या आतून कोरडं फडकं फिरवलं. मागच्या वेळचं पाणी आत गोठलेलं असेल तर कापलेल्या बर्फाचा गाभा बाहेर सरकत नाही आणि स्क्रू अर्ध्यातच अडतो. मानकानुसार (ईएन ५६८) स्क्रूने किमान १० किलोन्यूटन सहन करायला हवेत. ही स्क्रूची हमी आहे, बर्फाची नाही.

दोर: ५० मी.चे दोन, ९.८ मि.मी., पाणी न शोषणारे. पूर्ण लांबी हाताखालून घातली. एकाला टोकापासून ६ मी.वर बाहेरचं आवरण दातांनी कापलेलं. कोणीतरी क्रॅम्पॉनसकट दोरावर उभं राहिलं असणार. कापून ४३ मी.चा केला. ११–१४ मी. भिंतीला तेवढा पुरतो.

दोराची एक चाचणी महत्त्वाची. ३ मी. तुकडा भिजवून रात्री बाहेर ठेवला. सकाळी तो काठीसारखा कडक होता. आपोआप पकडणारं बेले यंत्र (बेले म्हणजे खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणं) त्यावर उशिरा पकडतं, एकदा तर नुसतं घसरत राहिलं. नळीचं साधं यंत्र खोबणीच्या बाजूने लावल्यावर पकड ठीक. १६ तारखेला साधं यंत्रच, आणि बेलेच्या मागे दोर धरणारा दुसरा माणूस.

हिमप्रपात ट्रान्सीव्हर (हिमाखाली गाडलेल्या माणसाला शोधायचं रेडिओ यंत्र) ८. आठही ४५७ किलोहर्ट्झवर, पाठवणं आणि शोधणं दोन्ही ४० मी.वर तपासलं. बॅटऱ्या अल्कलाइन, नव्या. थंडीत लिथियम जास्त टिकते हे खरं, पण उत्पादकाने परवानगी दिली नसेल तर यंत्र तिची उरलेली ताकद चुकीची दाखवतं, शेवटपर्यंत भरलेली दाखवून अचानक बंद पडतं. हेडलॅम्पमध्ये लिथियम चालेल. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून २० सें.मी. लांब, शोध सुरू असताना ५० सें.मी.

८ फेब्रुवारी

तापमान दुपारी +३. पाऊस १४ मि.मी. बाहेर गेलो नाही.

या पावसाची दखल तीन ठिकाणी घ्यायची: हिमपूल भिजून खचलेले असतील, विवराच्या तळाशी पाणी चढलेलं असेल, आणि मुखाजवळच्या तळ्याची पातळी वर-खाली झाली असेल.

१० फेब्रुवारी

रात्रभरात नवं हिम २८ सें.मी., नैर्ऋत्येचा वारा ४५, झोत ६०. हिमप्रपात पत्रक: धोका पाचपैकी ४. नैर्ऋत्येचा वारा म्हणजे हिम ईशान्येच्या उतारांवर जाऊन बसणार. आमच्या वाटेवर असा एकच उतार आहे, बाजूच्या मोरेनचा (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाचा). कोन ३४ अंश. हिमप्रपात बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणजे हा बरोबर मधोमध. वारा नुसत्या हिमवर्षावाच्या कितीतरी पट वेगाने थर चढवतो. त्यामुळे ‘२८ सें.मी.’ हा सपाटीवरचा आकडा त्या उतारासाठी निरर्थक आहे.

११ फेब्रुवारी

आकाश निवळलं. रात्री −१९. तीन दिवसांत २२ अंशांची घसरण.

१२ फेब्रुवारी: दुसरी फेरी, मुख्य पाहणी

पत्रक ३. दोन गाइड, पाहुणे नाहीत. निघताना −१६.

मोरेनचा उतार. दुरूनच थांबलो. माथ्यावर हिमाची कड झुकलेली, खाली गुळगुळीत फुगीर पट्टा. सपाटीवर पाऊल टाकलं की भोवतालचं हिम ‘हुप्प’ करून दबतं. खालच्या थरात पोकळी आहे आणि वरचा थर पाटीसारखा अखंड आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. खड्डा खणायची गरज वाटली नाही. वाट बदलली: उताराच्या पायथ्यापासून दूर, उघड्या बर्फाच्या धारेवरून. २५ मिनिटं जास्त.

तळं. गोठलेलं, वरून सरळ जाता येईल असं दिसतं आणि दर वेळी कोणीतरी ही सूचना करतंच. काठाजवळ स्क्रूने भोक पाडलं: १२ सें.मी., पैकी वरचे ५ पांढरे. पांढऱ्या बर्फाची ताकद स्वच्छ बर्फाच्या निम्मी धरतात. त्याहून वाईट म्हणजे भोकातून पाणी वर आलंच नाही. पावसात चढलेली पातळी नंतर उतरली, आता बर्फ आणि पाण्यात पोकळी आहे. खालून आधार नसलेला बर्फ जाडीवरून तोलता येत नाही. तळ्यावरून वाट नाही, विषय बंद.

सेराकची रांग. डाव्या हाताला बर्फाचे उभे मनोरे, त्यांच्या टप्प्यातून वाट जाते. लांबी ३०० मी. थंडी पडली की सेराक सुरक्षित, हा समज सोडावा. हिमनदी रात्री थांबत नाही, मनोरा तिच्या सरकण्याने पडतो. पायथ्याशी ताजे तुकडे नव्या हिमावर पडलेले दिसले, म्हणजे गेल्या दोन दिवसांतले. वाट ६० मी. उजवीकडे नेली. शेवटचे ८० मी. तरी टप्प्यात येतातच. तिथे १५ मी. अंतर ठेवून चालायचं, थांबायचं नाही, जॅकेट काढणं-घालणं तिथे नाही.

भिंत १. इथे बेत बदलला.

बर्फाचं तापमान ५ सें.मी. खोलीवर −१५, २० सें.मी.वर −११. (स्क्रूच्या भोकात तापमापकाची सळई, तोंड हिमाने बुजवून १० मिनिटं.) हवेतल्या रोजच्या चढ-उताराची लाट बर्फात दर १७ सें.मी.ला जवळपास एक-तृतीयांश उरते आणि २० सें.मी.वर चार-साडेचार तास उशिरा पोचते. म्हणून सकाळी १० ची हवा पाहून बर्फाचा स्वभाव कळत नाही. तो आदल्या रात्रीचा असतो, आणि खोलवर आदल्या तीन दिवसांचा.

आइस ॲक्सच्या प्रत्येक घावाला बशीएवढी ढलपी उडत होती. एका पकडीला चार-पाच घाव. पाहुण्याच्या हातात हे म्हणजे खाली सतत तुकड्यांचा मारा.

तरीही ठिसूळपणामुळे भिंत सोडली नसती, हवा तापली की तो कमी होतो. सोडली ती चिरेमुळे. माथ्याखाली २.५ मी.वर आडवी, ४ मी. लांब, पोस्टकार्ड आत जाईल एवढी. २ तारखेच्या फोटोत ती नाही. बर्फ दर अंशाला लांबीच्या साधारण लाखात पाच भाग आखडतो. १४ मी. भिंतीचा बाहेरचा थर १५ अंश थंड झाला तर तो जवळजवळ १ सें.मी. आखडू पाहतो, आतला मात्र तसाच राहतो. ताण कुठेतरी मोकळा होणारच. चिरेच्या वरच्या भागावर ॲक्सच्या दांड्याने ठोकलं: घुमणारा आवाज. खालच्या भागाचा ठणठणीत. घुमतो तो भाग सुटलेला समजायचा, आणि टॉप रोपचा अँकर नेमका त्यावर आला असता. शिवाय ११:२० नंतर ऊन.

भिंत १ बाद. १६ पर्यंत पुन्हा विचार नाही. थंडी सरल्यावर चीर भरून येत नाही, फक्त दिसेनाशी होते.

विवर. दोराला बांधलेला दगड झाकणावर सोडला. दुसऱ्या आपटीला आत गेला, खाली पाणी. बाद. कडेपासून ५ मी.च्या आत पाहुणे नाहीत.

भिंत २. वाऱ्याआड, त्यामुळे ५ सें.मी.वर −१२. ठोकल्यावर सगळीकडे ठणठणीत. चिरा नाहीत. पायथ्याशी नवं हिम ७० सें.मी., तपासणी उद्या.

१३ फेब्रुवारी: भिंत २ चा पायथा

पत्रक ३. ३२० सें.मी.चा प्रोब (हिमात टोचून पाहायची सळई). शेवटची १२० मी. वाट आणि पायथ्याची १० × ६ मी. जागा. वाटेवर दर ५० सें.मी.ला एक टोचणी, पायथ्याला ५० सें.मी.ची चौकट. दोघं दोरात, मध्ये १२ मी.

टोचताना हाताला जे लागतं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. आधी मऊ, मग पाटीसारखा थर, मग टणक बर्फ: ही जागा ठीक. आधी मऊ, थोडा अडथळा, आणि मग प्रोब काहीच न लागता खाली: तिथे क्रेव्हास. अडथळा जाणवला म्हणून थांबणारे इथेच फसतात. पावसाने भिजून गोठलेला थर बर्फासारखाच लागतो. जोर लावून त्याच्या पलीकडे जायलाच हवं.

वाटेवर दोन जुन्या क्रेव्हास, अपेक्षित जागी. पहिली ३० सें.मी. रुंद, हिम खोदून उघडी केली, एका पावलात ओलांडता येते. दुसरी ९० सें.मी., पूल १.४ मी. जाड, घट्ट. ठेवला, दोन्ही कडांना झेंड्या, ओलांडताना एका वेळी एक आणि दोर ताणलेला.

तिसरी अनपेक्षित. भिंतीच्या पायथ्याला समांतर, भिंतीपासून १.८ मी.वर, रुंदी ४० सें.मी., वर फक्त ३५ सें.मी. हिम. बेले देणारा माणूस नेमका तिथे उभा राहिला असता, आणि वरचा माणूस लटकला की खालचा भिंतीकडे ओढला जातो. पूर्ण ६ मी. लांबी फावड्याने उघडी केली. उघडी भेग माणूस टाळतो. बेलेची जागा ४ मी. मागे, भिंतीच्या सरळ रेषेतून बाजूला काढली, म्हणजे उडणारे तुकडेही चुकतात. तिथे १९ सें.मी.चा एक स्क्रू, बेले देणाऱ्याला त्यात अडकवायचं. चढणाऱ्याला भेगेपलीकडे गाइड नेईल.

झेंड्या ३२, दर ४–५ मी.ला. धुक्यात एकीवरून पुढची दिसली पाहिजे.

१४ फेब्रुवारी: अँकर

हवा −६, ढगाळ, वारा १५. भिंत २: ५ सें.मी.वर −७, २० वर −९. फरक घावातच कळतो: ॲक्स एका-दोन घावांत बसते, ढलपी नाही.

वरचा पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ आधी काढला, १५ ते २५ सें.मी. तो काढायचा कंटाळा केला की स्क्रूचा अर्धा भाग नुसत्या फेसात जातो. खाली निळसर, दाट. स्क्रू फिरवताना पूर्ण वेळ एकसारखा विरोध आणि नळीतून अखंड कांडी बाहेर यायला हवी. कांडी मध्येच तुटली किंवा हात एकदम हलका झाला तर आत पोकळी आहे: स्क्रू काढून ३० सें.मी. बाजूला.

दिवसभर भार राहणार म्हणून मुख्य आधार स्क्रूवर न ठेवता बर्फातल्या दोरगाठीवर ठेवला, सोव्हिएत गिर्यारोहक विताली अबालाकोव्ह यांच्या नावाने जी ओळखली जाते ती. २२ सें.मी.च्या स्क्रूने दोन भोकं, तोंडांत २० सें.मी. अंतर, दोन्ही पृष्ठभागाशी ६० अंशांत, आत एकमेकांना मिळणारी. ७ मि.मी. दोरी तारेच्या आकड्याने ओढून घेतली. दुसरं भोक पहिल्याला न मिळणं ही नेहमीची चूक. पहिल्या भोकात दुसरा स्क्रू कोनदर्शक म्हणून ठेवला की हुकत नाही. धातूचा स्क्रू ऊन आणि भार मिळाला की भोवतालचा बर्फ वितळवत सैल होतो, दोरीला तो त्रास कमी.

दोन दोरांसाठी दोन स्वतंत्र अँकर. प्रत्येकी दोन दोरगाठी, एक वर एक, ५० सें.मी. अंतराने, आणि मागे २२ सें.मी.चा एक स्क्रू, भार नसलेला. दोघांनी मिळून लटकून झटके दिले, दोऱ्या हलल्या नाहीत. कड गोल केली आणि दोराखाली पॅड, नाहीतर दोर कडेत खोबण करून त्यात गोठतो.

रात्रीसाठी दोर काढून नेले. दोऱ्या जागेवर.

१५ फेब्रुवारी: निर्णय

पत्रक २. उद्याचा अंदाज: सकाळी −८, वारा २०, झोत ३५, दुपारनंतर ढग, संध्याकाळी हिम. −८ आणि २० किमी वारा म्हणजे उघड्या कातडीला −१५ सारखं. भिंतीपाशी वारा कमी, पण चढण्यापेक्षा उभं राहण्याचा वेळ जास्त असतो. जाड हातमोजे प्रत्येकी दोन जोड, चढायचे पातळ वेगळे.

पत्रक २ झालं तरी मोरेनच्या उतारावरून जायचं नाही, २५ मिनिटांचा वळसा कायम. ‘२’ हा आकडा पूर्ण प्रदेशाचा आहे, आणि त्या पट्ट्यातला थर आम्ही बाराला पायाखाली ऐकलेला आहे.

सगळे निकष मर्यादेत. जायचं.

बचाव: भेगेतून काढण्याची पुलीची साखळी दोन्ही गाइडकडे वेगवेगळी, एकाच पाठपिशवीत नाही. जी माणसाबरोबरच भेगेत गेली ती काय कामाची. स्लेज पायथ्याशी. मोबाइलला सेराकनंतर संपर्क नाही, म्हणून उपग्रह संदेशक, आज दोन संदेश पाठवून उत्तर आल्याची खात्री केली. दर तासाला खाली संदेश. दोन चुकले तर खालून हालचाल सुरू.

वेळा: निघणं ८:३०, भिंत १०:१५, शेवटची चढाई १:३०, झेंड्यांच्या पट्ट्यातून २:१५ पर्यंत बाहेर. हिम वेळेआधी सुरू झालं तर चढाई तिथेच थांबेल, ‘एकेक फेरी उरलीय’ चालणार नाही.

१६ फेब्रुवारी

६:१० मुक्कामी −९. पत्रक २, बदल नाही.

७:०० एक गाइड पुढे गेला.

८:१५ ट्रान्सीव्हर एकेक करून तपासले. एकाचा ‘शोध’वर राहिलेला, ‘पाठव’वर आणला.

८:३२ निघाले.

८:४५ पुढच्याकडून वायरलेस: झेंड्या ३२ पैकी ३१ उभ्या, एक वाऱ्याने आडवी, सरळ केली. ९० सें.मी.च्या पुलावर रात्रीचं ५ सें.मी. हिम. पुन्हा टोचून पाहिलं, १.४ मी. तसाच. पायथ्याची भेग अर्धी भरलेली, पुन्हा उघडी केली.

९:४० अँकर: चारही दोरगाठी ठीक. डावीकडचा मागचा स्क्रू हाताने चतुर्थांश फेरा फिरला. काढला, ३० सें.मी. वर नव्या जागी लावला, अखंड कांडी. बर्फ ५ सें.मी.वर −७.

९:५५ दोर बसवून खाली सोडले.